टाकीतली नणंद

सोमवार, १

साखर कुठे गेली ते आधी सांगा. परवा भरलेला डबा आज तळाला गेलाय, आणि या घरात गोड चहा पिणारी मी एकटी. मुलाला साखर वर्ज्य, सुनेला नकोशी, नात तर चहाला शिवतसुद्धा नाही. म्हणजे सगळ्यांची बोटं माझ्याकडे. तोंडाने कुणी बोललं नाही, पण सूनबाईने डबा माझ्यासमोर पालथा करून दाखवला. रिकाम्या डब्यातून काय पडणार होतं? माझी अब्रू.

असो. वहीबाई, नमस्कार. पहिलं पान आहे म्हणून नमस्कार, रोज मिळणार नाही. माझी बोटं आखडतात म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईने रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात. मी म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीत सुटली. ती म्हणाली, आजी, मी बोटं तपासणार, शुद्धलेखन नाही. मग ठीक आहे.

घरात काय चाललंय ते लिहून ठेवते. नात चांगली नोकरी सोडून परत आलीय. बैठकीच्या खोलीत काचेची भलीमोठी टाकी आणून ठेवलीय. तिच्यात पाण्याखाली बाग लावायची, आणि मग लोकांच्या घरी, दुकानी अशा बागा लावून द्यायच्या, हा तिचा नवा धंदा. आमच्या चिरंजीवांना, म्हणजे तिच्या बापाला, ते पसंत नाही. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. साऱ्या गावाचा नंबर काढतो, पण पोटच्या पोरीकडे बघायचा नंबर त्याला अजून सापडलेला नाही. त्याने अट घातली, "महिनाअखेरपर्यंत एक गिऱ्हाईक आण. नाही आलं तर गुमान जुन्या ऑफिसात परत जायचं." ऑफिसने तिची जागा राखून ठेवलीय म्हणे. ते ऑफिस इतकं लांब की तिथून ती वर्षाकाठी एकदा यायची, तीही झोपा काढायला.

मला काय. गेली तर तिच्या खोलीत माझं कपाट मावेल. आज मोजून बघितलं. मावत नाही.

बुधवार, ३

चोर सापडला. टाकीखालच्या कपाटात प्लास्टिकची बाटली, तिच्यात माझी साखर, कोमट पाणी आणि पाव फुगवायचं यीस्ट. बुचाला भोक पाडून नळी घातलेली, नळीचं दुसरं टोक टाकीत.

"हे काय गं?"

"आजी, झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो. पाण्यात तो पुरेसा नसतो. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं, तो नळीतून झाडांना."

"कसला ऑक्साइड?"

"आपण श्वास सोडतो ना, त्यातली हवा."

"मग माझी साखर कशाला? बापाला टाकीसमोर बसव आणि नोकरीचा विषय काढ. जंगल उगवेल."

कार्टी जमिनीवर बसून हसली. परत आल्यापासून पहिल्यांदा हसली. बाटली मी फेकून देणार होते, ती राहिली.

गुरुवार, ४

बाटली ओकली. नातीने लवकर व्हावं म्हणून यीस्ट जास्त घातलं होतं. मी तिला सांगितलं होतं का? नाही. मला विचारलं होतं का? तेही नाही. माझ्यासारख्या पाव करणाऱ्या बाईला घरात ठेवून पुस्तकात बघायचं म्हणजे काय! सगळा फेस नळीतून टाकीत गेला. पाणी दुधासारखं असं पांढरं झालं की त्यात चहा टाकला असता तर चालला असता. दिवसभर बादल्या वाहिल्या. मासे अजून आणलेले नाहीत हे नशीब.

चिरंजीव दुकानातून आले, बादल्या ओलांडल्या आणि म्हणाले, "गवताला गॅस. उद्या दगडाला दूध पाजा."

नात वाकून फडकं पिळायला लागली. मीच म्हटलं, "बूट काढून मग बोल. बाग राहू दे, फरशी माझी आहे."

रविवार, ७

आता सिलिंडर आलाय. लहानसाच, गुटगुटीत. आग विझवायच्या नळकांड्या जिथे भरतात तिथेच हाही भरून मिळतो. त्याच्या डोक्यावर दोन काटे असलेलं पितळी यंत्र, त्याला एक बारीक स्क्रू. स्क्रू जरा फिरवला की गॅस कमीजास्त. वाटेत काचेची इवलीशी कुपी, तिच्यातून बुडबुडा बुडबुडा वर जाताना दिसतो. शेवटी टाकीच्या तळाशी पांढरी चकती, तिच्यातून गॅसचा धुरळा होऊन पाण्यात मिसळतो. हे सगळं मी एकदाच ऐकलं आणि लिहिलं. कोण म्हणतं डोकं चालत नाही?

सगळं जोडल्यावर नातीने सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावायला सांगितलं. फुगा आला तर तिथून गळतंय. फेस करण्यात माझा हात कोण धरणार! यंत्र सिलिंडरला बसतं तिथे भला थोरला फुगा आला. आतली वॉशर चिरलेली. रविवार, दुकानं बंद. नात डोकं धरून बसली. चिरंजीव पेपर वाचत होते. पेपरच्या वरून एकदा बघितलं आणि पुन्हा खाली गेले.

सोमवार, ८

सकाळी टाकीवर नवी पांढरी वॉशर ठेवलेली. मी म्हटलं, नातीने आणली. नात म्हणते, "आजी, तुम्हाला कुठे सापडली?" मी म्हटलं, मला काय करायचंय, बसली ना? बसली. फेस लावला, फुगा नाही.

गुरुवार, ११

मासे आले. बारीक चकचकीत मासे थवाभर, आणि एक मोठी, चपटी, रुंद, जिचं तोंड कायम वर. सगळ्यांकडे नाकावरून बघते. खाणं टाकलं की आधी बाजूला होते, बाकीचे खायला लागले की मग येऊन सगळ्यांना हाकलते. मी लगेच ओळखलं. माझी नणंद अशीच होती. तिचं नाव नणंद ठेवलं. नात म्हणाली, "आजी, तो नर असू शकतो." म्हटलं, असेना का, गुण बघायचे.

झाडांनी मान वर काढलीय. मागच्या बाजूच्या लांब पात्या आधी पिवळट होत्या, आता नवी पालवी तांबूस येते. तळाशी लावलेल्या गवताचा गालिचा पसरायला लागलाय. मी काही टाकीसमोर बसत नाही. तिथे बसून मटार सोलले, उजेड चांगला असतो म्हणून.

एक तक्रार आहे. टाकीवर कुणीतरी चष्मा ठेवून जातं. आणि माझी खुर्ची रोज सकाळी टाकीसमोर ओढलेली असते. सूनबाईला विचारलं तर म्हणाली, "भुतं झालीत घरात, आई," आणि हसत ड्युटीला गेली. दवाखान्यात जास्त काम केलं की माणसाचं असं होतं.

बुधवार, १७

गिऱ्हाईकाची वाट बघणं म्हणजे दूध उतू जायची वाट बघणं. बघत बसलं की येत नाही. एका हॉटेलवाल्याने प्लास्टिकची झाडं लावा म्हटलं, ती मरत नाहीत. नात म्हणाली, जगतही नाहीत. तिथेच व्यवहार मोडला. माझीच नात.

काल रात्री जेवताना चिरंजीवांनी विचारलं, "ऑफिसला काय कळवलंस?"

"महिना संपलेला नाही, बाबा."

"मी फक्त विचारलं."

"तुम्ही रोज फक्त विचारता."

सूनबाईने पाण्याचा जग दोघांच्या मधे ठेवला. जगाच्या अलीकडे तो, पलीकडे ती. मला वाटलं दोघांच्याही डोक्यावर ओतावा.

मंगळवार, २३

देव पावला. दातांची डॉक्टरीण शनिवारी टाकी बघायला येणार. तिच्याकडे लोक बाहेर बसतात, आतून यंत्राचा आवाज येतो आणि अर्धे पळून जातात. त्यांना बघायला काहीतरी हिरवं, शांत हवंय. आवडलं तर काम पक्कं.

नात शुक्रवारपर्यंत बाहेर आहे, खास झाडं आणायला गेलीय. मोबाइल तिथे लागत नाही. जाताना मला कामं नेमून दिली. दिवा लागला की गॅस उघडायचा, दिवा मालवला की बंद, कारण अंधारात झाडांना तो नको असतो. टाकीच्या आत काचेला एक काचेचा थेंब चिकटवलाय, त्यात रंगीत पाणी. ते पाणी निळं म्हणजे गॅस कमी. हिरवं म्हणजे ठीक.

"बाकी काही करायचं नाही, आजी."

"मी बाकी काय करणार? मला दुसरी कामं नाहीत का?"

चिरंजीव दारातून ओरडले, "आईच्या हातात गॅस देऊन चाललीस? घराचा विमा बघून ठेवतो."

शुक्रवार, २६

आज खांदा वर होत नाही, पण लिहिणार. सगळं सांगणार.

सकाळी दिवा लावला, गॅस उघडला. थेंब हिरवा होता. मी विचार केला, उद्या डॉक्टरीण येणार आणि आपण नुसतं ठीक दाखवायचं? हिरवं म्हणजे कच्चं. केळं हिरवं, कच्चं. पपई हिरवी, कच्ची. जगात जे पिकतं ते पिवळं होतं. निळ्याचं हिरवं झालं म्हणजे पुढे पिवळं होणार, हे कुणी मला शिकवायला नको. नुसता स्क्रू जरा फिरवायचा. फिरवला. बघत बसले. रंग ढिम्म. अजून जरा फिरवला. तरी ढिम्म. मग म्हटलं आता नीटच फिरवते.

भांडी घासून आले तर काय सांगू, थेंब सोन्यासारखा पिवळा! आणि सगळे मासे वर आले होते. पाण्याला तोंडं लावून उघडमीट उघडमीट करत होते. मला इतका आनंद झाला. इतके दिवस खाऊ घातलं, शेवटी ओळखायला लागले. नणंदसुद्धा वर आली होती, ती तर कधी कुणाकडे येत नाही. मी म्हटलं, "अगंबाई, तू पण?" आणि चिमूट चिमूट खाणं टाकलं.

कुणी खाल्लं नाही.

खाणं त्यांच्या तोंडावरून वाहत गेलं. मग नणंद आडवी झाली. सरळ आडवी, ताटासारखी.

माझ्या हातातला डबा पडला. नातीचा फोन लागेना. सूनबाई ड्युटीवर. शेवटी दुकानात फोन लावला. चिरंजीव काय बोलणार ते मला माहीत होतं, विम्याची गोष्ट सोडणार नव्हता. पण मी "मासे वर आलेत" एवढंच म्हटलं आणि तो एकदम म्हणाला, "थेंब पिवळा आहे?"

"हो."

"आई, आधी स्क्रू बंद कर. सिलिंडरची मुख्य चावीपण. केलीस? आता पाणी उंचावरून ओतत राहा. टाकीतलंच काढ, टाकीतच ओत."

"कसं ओतू?"

"मला गरम दूध गार करून द्यायचीस तसं. हात वर कर, धार लांब सोड. मी आलो."

फोन तसाच लोंबत ठेवला आणि पातेलं घेतलं. डोक्याच्या वर हात नेऊन धार सोडायची, पुन्हा भरायचं, पुन्हा सोडायची. असं दूध मी किती वर्षांत गार केलं नव्हतं. खांदा भरून आला, पदर भिजला, फरशीवर तळं झालं. नणंद आडवीच. मी तिला म्हटलं, "ऊठ गं. आयुष्यभर मला छळलंस, निदान आता तरी ऐक." पुन्हा ओतलं. "ऊठ म्हणते ना!"

चिरंजीव आले ते दुकान उघडं टाकूनच. बूट काढले नाहीत. पँट गुडघ्यापर्यंत वर, दुसरं पातेलं हातात, शिडीवर चढून ओतायला लागला. मग बादल्याच आणल्या, निम्मं पाणी काढून ताजं भरलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला त्यात औषधाचे थेंब घालायचे असतात, ते कुठल्या बाटलीत आणि किती, त्याने शोधलंही नाही, सरळ हात घातला. मला तर ती बाटली कधी दिसलीही नव्हती.

हळूहळू बारके मासे खाली गेले. एकेक करून. मग नणंदेचा एक पंख हलला. मग ती तिरकी झाली, मग उभी. आयुष्यात नणंद सरळ झालेली मी आज पहिल्यांदा बघितली.

आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसलो. मी त्याला विचारलं, "तुला रे हे सगळं कसं ठाऊक?"

"पेपरात आलं होतं."

आमच्या पेपरात असलं काही येत नाही. मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते. पण वाद घालायला जीव उरला नव्हता. चहा केला. त्याच्या कपात मी चुकून साखर घातली, त्याने कप रिकामा केला.

संध्याकाळी नात आली. मी दारातच सांगून टाकलं, आत येऊ दिलं नाही तोवर. तिने पिशवी खाली ठेवली आणि टाकीकडे गेली. मासे मोजले, स्क्रू तपासला. मग म्हणाली, "पिवळ्याचं सांगायचं मीच विसरले, आजी."

"हो, विसरलीसच," मी म्हटलं. बरं वाटलं.

शनिवार, २७

डॉक्टरीणबाई आल्या. दिवा लागून थोडाच वेळ झाला होता, आणि टाकीत जे घडत होतं ते मी आजवर बघितलं नव्हतं. पानापानावर बारीक मोती. पात्यांच्या टोकांवरून मोत्यांच्या माळा सुटत होत्या, सरसर वर. गालिचा तर अंगावर साखर पेरल्यासारखा चमकत होता. आपली साखर गेली ती बहुतेक इथेच.

"हे काय?" बाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"झाडं प्राणवायू सोडतायत," नात म्हणाली. "ताजं पाणी भरलं की जास्त दिसतं."

बाई वाकल्या. नणंद काचेजवळ आली आणि त्यांच्याकडे नाकावरून बघितलं. बाई खूश.

मग त्यांनी विचारलं, "गॅस जास्त झाला तर?"

नातीने तोंड उघडलं, पण मी आधी बोलले. "मासे मरतात. काल मी मारलेच होते."

सूनबाईच्या हातात ट्रे होता, त्यातले कप वाजले. चिरंजीवही घरातच होते, दुकानाच्या वेळेला. किल्ली विसरली म्हणे. त्यांनी कपाळाला हात लावला.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"मीच. हिरवं कच्चं वाटलं म्हणून पिकवायला गेले." आणि सगळं सांगितलं, आडवी नणंद आणि शिडीसकट. "तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी आगाऊ म्हातारी दात दाखवायला आली आणि तिने स्क्रू फिरवला तर? म्हणून सांगते, कपाटाला कुलूप करून घ्या. हिला विचारा, करून देईल."

बाई इतक्या हसल्या की त्यांचे सगळे दात दिसले. चांगले आहेत, स्वतःचं काम स्वतः बघत असाव्यात. म्हणाल्या, "दवाखान्यात माझी भागीदार आहे, तिला विचारून कळवते," आणि गेल्या.

त्या गेल्यावर सूनबाईने कप गोळा केले. मी विचारलं, खरं सांगितलं ते चुकलं का? नात म्हणाली, "नाही आजी." पण तिचा आवाज बारीक होता. महिन्याचे तीन दिवस उरलेत.

सोमवार, २९

फोन नाही. काल नाही, आज सकाळीही नाही. नातीने बॅग पलंगावर काढून ठेवलीय. उघडी. आत अजून काही भरलेलं नाही. मी तिच्यात माझ्या जुन्या चादरी नेऊन ठेवल्या. जागा मिळाली म्हणून.

दुपारी मी बाह्या वर करून काचेवरचं शेवाळ जुन्या टूथब्रशने काढत होते तेवढ्यात फोन वाजला. चिरंजीव पुन्हा घरी, काय विसरले होते कोण जाणे. त्यांनी झडप घालून उचलला. मला इकडून एवढंच ऐकू आलं, "नाही. ती येणार नाही. ... नाही, विचार करायला वेळ नको. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा." आणि ठेवला.

माझं डोकंच फिरलं. आलेलं गिऱ्हाईक बापाने दारातून परत पाठवलं! ओला टूथब्रश घेऊन मी त्याच्या अंगावर गेले. "मेल्या, पोरीच्या ताटात माती कालवलीस!"

"आई, अगं, थांब. शर्ट!"

"शर्ट गेला चुलीत! डॉक्टरीणबाईंना नाही म्हणतोस?"

"डॉक्टरीण नव्हत्या. तिचं जुनं ऑफिस होतं."

मी थांबले. टूथब्रशमधून शेवाळ त्याच्या बाहीवर टपकलं. "मग डॉक्टरीण?"

"त्यांचा फोन आलेला नाही."

"म्हणजे गिऱ्हाईक नाही, आणि नोकरीही नाही?"

"नाही."

"आणि तू हसतोयस?"

नात बादली घेऊन दारात उभी होती. कधीपासून, देव जाणे. म्हणाली, "बाबा, महिना उद्या संपतो. गिऱ्हाईक आलं नाही अजून."

"मग? महिना काय एकच असतो?" तो म्हणाला. आणि तिच्या हातातली बादली घेतली. "मागचं तांबडं झाड छाटायला झालंय. सावली पडते गालिच्यावर. रोज बघतो मी."

ती बापाकडे बघत राहिली. त्याने टाकीवरचा चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. शेवाळ लागलेल्या बाहीने. चष्मेवाल्याने डोळ्यांना असं करू नये. जंतू जातात.

चादरी मी बॅगेतून काढून आणल्या. जागा नव्हती तशी.

मंगळवार, ३०

सकाळी फोन वाजला तेव्हा नात शिडीवर, चिरंजीव कात्री घेऊन तांबड्या झाडाशी, सूनबाई अंघोळीला. म्हणून मीच उचलला. ओला हात, फोन निसटला, बादलीत पडला. बाहेर काढून झटकला, कानाला लावला. डॉक्टरीणबाई बुडबुड्यांतून बोलत होत्या, पण कळलं. टाकी हवी. कुलपाच्या कपाटासकट हवी. आणि देखरेखीला नातीबरोबर आजींनी यायचं. बाहेर बसलेल्या लोकांशी बोलायचं, स्क्रूला हात लावायचा नाही.

मी म्हटलं, "येईन. पण गोड चहा लागेल. दातांचं तुम्ही बघून घ्या."

ओरडून सांगितलं तेव्हा नात शिडीवरून पडता पडता वाचली, बापाने धरली. दोघांनी मिळून मला धरलं. मी म्हटलं, सोडा, ओली आहे. सोडलं नाही. सूनबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून आली, म्हणाली, "भुतं सापडली वाटतं घरातली." हिचं मला अजून काही कळत नाही.

दुपारपर्यंत आणखी दोन फोन आले, डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचे. तेव्हा आता नियम लिहून ठेवते आणि फोनवर चिकटवणार आहे. टाकीवर चष्मे ठेवायचे नाहीत, कुणाचे का असेनात. आणि फोन वाजला की चिरंजीवांनी उचलायचा. चिरंजीव दुकानात असले तर सूनबाईने. नातीने नाही, ती लगेच भाव कमी करते. आणि मी तर मुळीच नाही. माझे हात ओले असतात.